तिसऱ्या वेताची गाडी

गुरांच्या बाजारात पहिलारू गायीभोवती गर्दी असते. अंगावर तकाकी, कास नुकती भरू लागलेली, बघणाऱ्याची नजर हटत नाही. पण ज्याला उद्यापासून डेअरीला दूध घालायचंय आणि ज्याच्या हातात पैसा बेताचा आहे, असा जाणता माणूस तिच्यापाशी फार वेळ थांबत नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या वेताची गाय शोधत पुढं जातो. पहिलारूचं सगळंच अजून व्हायचं असतं. दूध किती देईल, धार काढताना लाथ मारेल का, वार वेळेवर पडेल का, भरवल्यावर उलटेल का, यातलं काहीच कुणाला सांगता येत नाही. तिसऱ्या वेतापर्यंत हे सगळं होऊन गेलेलं असतं. खोड असली तर ती शेजारपाजाऱ्यांना ठाऊक असते, आणि माहीत असलेली खोड सांभाळता येते. शिवाय गायीचं दूध भरात येतं तेही तिसऱ्या-चौथ्या वेतातच.

मी पशुवैद्यक आहे. शिरवळच्या महाविद्यालयातून पदवी घेतली आणि तेव्हापासून कोरेगाव तालुक्यात खासगी व्यवसाय करते. मोटार घ्यायची वेळ आली तेव्हा मी गाय निवडण्याचाच हिशेब लावला आणि २००४ सालची, आठ वर्षं एका हातात राहिलेली मारुती झेन घेतली. ती गाडी आजही रोज गोठ्यांवर जाते. "अजून हीच का?" असं नातेवाइकांत, लग्नकार्यात मला हमखास विचारलं जातं. घाईत त्यांना पुरतं उत्तर देता येत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहिते आहे.

सुरुवातीची वर्षं मी मोपेडवर काढली. कृत्रिम रेतनासाठी लागणाऱ्या वीर्यकांड्या द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवाव्या लागतात. त्याचा कॅन पायांत उभा धरून, पाठीवर औषधांची सॅक आणि हँडलला गमबूट अडकवून फिरायचं. कॅन कलंडला की नायट्रोजन भसाभस उडून जातो आणि आतल्या कांड्या वाया जातात. पावसाळ्यात वासना नदीकाठच्या काळ्या रानात मोपेड रुतायची. रात्रीचा फोन आला की घरचं कुणीतरी सोबत न्यावं लागायचं. चारचाकी हवी होती हे नक्की, प्रश्न होता कुठली. जीपसारख्या गाडीला पैसे नव्हते. सेडानच्या डिकीत कॅन उभा राहत नाही. मागचा दरवाजा वर उघडणारी, मागची सीट आडवी पाडता येणारी छोटी गाडीच माझ्या कामाची होती, आणि माझ्या ऐपतीत ती जुनीच मिळणार होती.

गाडी एका निवृत्त गुरुजींची. त्यांची गाय माझ्याकडं उपचाराला असायची, त्यामुळं ओळख होती. मी आधीच सांगून ठेवलं होतं की मी सकाळी येईन, तोवर गाडी चालू करू नका. गार इंजिन खोटं बोलत नाही. आधी तापवून ठेवलेल्या इंजिनात बरेच दोष झाकले जातात. मी ऑइलचं झाकण काढून खाली पांढरट थर आहे का ते बघितलं. तसा थर म्हणजे पाणी ऑइलमध्ये शिरतंय. चालू केल्यावर धुराड्यातून निळसर धूर येतो का ते बघितलं. तसा धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर कारखान्यातल्या वेल्डिंगचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, हेही बघितलं. अपघातात पत्रा बदलला असेल तर ते ठिपके जागेवर नसतात. टायर आतल्या बाजूनं जास्त झिजलेत का, ते वाकून पाहिलं. मग गुरुजींनी एक वही पुढं केली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, किलोमीटरचा आकडा, ऑइल कधी बदललं, बॅटरी कधी घेतली, सगळं वळणदार अक्षरात लिहिलेलं. गाडीच्या दोन खोडी त्यांनी आपणहून सांगितल्या. पहिला गिअर गार असताना थोडा अडतो, आणि डिकीच्या दरवाजाचे शॉकअप कमजोर झालेत, तो आपोआप खाली येतो.

"एवढंच आहे डॉक्टर. बाकी ती तुम्हाला दगा देणार नाही."

वही बघूनच मी मनात गाडी घेतली होती. त्या काळी दोन चांगल्या संकरित गायी आल्या असत्या तेवढ्यात सौदा झाला. साताऱ्याला आरटीओत २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून गाडी माझ्या नावावर झाली. वही गुरुजींनी गाडीबरोबरच दिली, आणि पुढच्या पानापासून तिच्यात माझं अक्षर सुरू होतं.

झेन १९९३ साली भारतात आली. बांधा सुझुकीच्या जपानमधल्या सर्वो मोडचा. गुरगावच्या कारखान्यात तयार झालेल्या याच गाड्या सुझुकी आल्टो या नावानं युरोपातही गेल्या. ९९३ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळं वजनाला हलकं. सुरुवातीला कार्ब्युरेटर होता, पुढं एमपीएफआय आलं. २००३ मध्ये तिचा चेहरामोहरा बदलला, तोच माझ्या गाडीचा. २००६ मध्ये ही गाडी बंद झाली आणि झेन हे नाव एस्टिलो नावाच्या अगदी वेगळ्या, उंच गाडीला दिलं गेलं. जिप्सीचं १२९८ सीसीचं इंजिन याच घराण्यातलं. त्यामुळं हे इंजिन हातासरशी उघडू शकणारे मिस्त्री आमच्या भागात अजून आहेत, आणि जुनी गाडी घेताना मला ही गोष्ट फार मोठी वाटते. जी गाडी तालुक्याच्या गावात कुणालाच खोलता येत नाही, ती कितीही चांगली असली तरी माझ्या धंद्याला उपयोगाची नाही.

आता ती काम कसं करते ते सांगते. मागची सीट मी कायमची आडवी पाडली आहे. चालकाच्या सीटमागं नायट्रोजनचा कॅन, लाकडी चौकटीत पट्ट्यानं उभा बांधलेला. शेजारी औषधांची पेटी, लसींचा बर्फाचा डबा, वासरू ओढायचे दोर, बादल्या, गमबूट, रबरी एप्रन. मागचा दरवाजा वर केला की त्याच्याखाली माझा दवाखाना थाटतो. पावसात तो डोक्यावरचं छप्पर होतो. त्याच्या आडोशाला उभी राहून मी सुई भरते, औषध मोजून देते, लसीकरणाची नोंद लिहिते. डिकीच्या कडेवर बसून कितीतरी आज्या माझ्याशी गायीबद्दल बोलल्या आहेत, आणि गायीबद्दल बोलता बोलता सुनेबद्दलही. शॉकअप मी नवे बसवले. त्याआधी बरेच दिवस एक बांबूची काठी त्या दरवाजाला टेका देत होती.

या गाडीची रुंदी दीड मीटरच्या आत आहे. हा आकडा शहरातल्या माणसाला काही सांगणार नाही, पण आमच्याकडं गोठे वस्तीवर असतात आणि वस्तीला जायची वाट म्हणजे पाणंद. दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस, मधून एकच चाकोरी. समोरून उसाची ट्रॉली आली की कुणीतरी मागं सरायचं. मोठी गाडी तिथं अडकते. झेन एखाद्या बांधाच्या वळणात अंग चोरून उभी राहते आणि ट्रॉली निघून जाते. मात्र ती बुटकी आहे. पाणंदीतल्या मधल्या उंचवट्याचा दगड तिच्या पोटाला लागू शकतो, म्हणून ऑइलच्या टाकीखाली जाड पत्र्याचं संरक्षण लावून घेतलं आहे. पहिल्या पावसानंतर कुठल्या वस्तीची वाट बसते आणि कुठली धरते, हे आता मला पाठ आहे. जिथं धरत नाही तिथं शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर येऊन थांबतात.

"ताई, गाडी हितंच ऱ्हाऊ द्या, म्होरं चिखूल लई हाय."

रात्रीचे फोन बहुतेक ताज्या व्यालेल्या गायींचे. "ताई, गाय कवाधरनं बसलीया, मान कुशीत घातलीया बघा." मान कुशीत म्हटलं की मला पुढचं विचारावं लागत नाही. तो दुग्धज्वर. रक्तातलं कॅल्शियम घसरलेलं असतं, गायीचे कान गार पडलेले असतात. कॅल्शियमची बाटली शिरेतून द्यायची, तीही सावकाश, हृदयावर स्टेथोस्कोप ठेवून. थंडीच्या दिवसांत ती बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट हवी. घरून निघताना मी बाटल्या पुढच्या सीटच्या पायथ्याशी ठेवते आणि हीटर पायांकडं वळवते. वस्ती येईपर्यंत बाटल्या हव्या तितक्या उबदार झालेल्या असतात. भारनियमन असेल तर गाडी गोठ्याच्या तोंडाशी उभी करून हेडलाइट आत सोडते, इंजिन चालू ठेवते आणि त्या उजेडात शीर शोधते. बाटली संपायच्या आधी गाय ढेकर देते, शेण टाकते, थोड्या वेळानं पाय मारून उठते. इतकी वर्षं झाली तरी ते उठणं बघताना मला भरून येतं.

एकदा एका कालवडीचं वासरू अडलं होतं. ओढून काढलं, जिवंत निघालं, पण आईत उठायचं त्राण नव्हतं आणि बाहेर कडाक्याची थंडी. घरातल्या मावशींनी वासरू गोणपाटात गुंडाळलं आणि मी ते गाडीत घेतलं, हीटर लावला. ओलं, चिकट, थरथरणारं पिल्लू शेजारच्या सीटवर. पहिला चीक बाटलीनं तिथंच पाजला. त्या सीटवर डाग पडले ते अजून आहेत.

नवी कोरी गाडी असती तर मी ते वासरू सीटवर ठेवलं असतं का? ठेवलं असतं, पण मनात कुठंतरी सीट आली असती. जुन्या गाडीनं मला त्यातून मोकळं केलं. तिची किंमत जितकी उतरायची तितकी उतरून गेली आहे. तिला ओरखडा पडला म्हणून काही बिघडत नाही, आतून शेणाचा आणि आयोडीनचा वास येतो म्हणून तिचा भाव कमी होत नाही. नवी गाडी घेतलेले माझे सहकारी पाणंदीच्या तोंडाशी गाडी लावून चालत जातात. त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही, हप्ते त्यांना भरायचे आहेत. पण मी वस्तीच्या दारात पोहोचते आणि अडलेल्या गायीच्या बाबतीत ती दहा मिनिटं फार मोलाची असतात.

गाडी चालवताना मी काचा कधीच पूर्ण बंद करत नाही. कॅनमधला नायट्रोजन थोडा थोडा सतत उडत असतो. बंद जागेत तो साठला तर हवेतला प्राणवायू कमी पडतो, आणि माणसाला ते कळतही नाही, कारण या वायूला वास नसतो. म्हणून काच खाली, उन्हाळ्यातही. एसी मी जवळजवळ विसरूनच गेले आहे. या एका नियमामुळं मला गाडीचा सगळा आवाज सतत ऐकू येतो, आणि तिची ओळख मला झाली ती बरीचशी या ऐकण्यातून. डावीकडं वळताना घूं असा घोष वाढला तर उजव्या चाकाचं बेअरिंग जातंय, कारण वळताना भार त्या बाजूला येतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट वाजलं तर अ‍ॅक्सलचा सांधा. खड्ड्यात खडखडलं तर खालच्या आर्मचं बुश किंवा बॉल जॉइंट. पाऊस पडून गेल्यावर सकाळी पहिल्यांदा किंचाळतो तो अल्टरनेटरचा पट्टा. तो थोड्या वेळानं गप्प झाला तर चालेल, नाही झाला तर ताणून घ्यायचा. सुरुवातीला यातला प्रत्येक आवाज मी आमच्या मिस्त्रींना फोनवर तोंडानं काढून दाखवायचे. आता ते म्हणतात, "म्याडम, तुमी आवाज सांगितला की मी पार्ट आणूनच ठिवतो."

मिस्त्रींनी मला पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावली होती. हे इंजिन अ‍ॅल्युमिनियमचं आहे, त्याला उष्णता सहन होत नाही. काटा वर चढताना दिसला की पुढच्या गावापर्यंत रेटायचं नाही, तिथंच थांबायचं. एकदा जास्त तापलं की हेड वाकतं, मग गॅस्केट जातं आणि त्या दुरुस्तीत जुन्या गाडीची किंमत निघून जाते. त्यामुळं पाण्याचे रबरी नळ, थर्मोस्टॅट, रेडिएटरचा पंखा या गोष्टी मी बिघडायची वाट न बघता बदलते. टायमिंग बेल्टही तसाच. बाहेरून ठीक दिसला तरी रबराचं वय होतं. क्लचची केबल मात्र आधी सूचना देते. पेडल जड होऊ लागतं, मग धागे तुटत असल्याचं पायाला कळतं. नवी केबल मी गाडीतच ठेवते. एका रात्री औंधजवळ ती तुटली तेव्हा ज्यांच्या गोठ्यावर गेले होते त्यांच्या मुलानं बॅटरी धरली आणि आम्ही दोघांनी ती बदलली. पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणून बिघडणाऱ्या गोष्टींत एक कमी. उभ्या गाडीचं चाक फिरवायला जोर लागतो, पण गायीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून वासरू सरळ करणाऱ्या बाईला त्याचं काय!

गाडीचा खरा शत्रू गंज, आणि तो २०२२ मध्ये झपाट्यानं वाढला. त्या वर्षी लंपी आला. गुरांचे बाजार बंद झाले, जनावरांची ने-आण थांबवली गेली, आणि आम्ही दिवसभर गोठ्यागोठ्यांत गोट पॉक्सची लस टोचत फिरत होतो. माझ्या चाकांतून एका वस्तीचा रोग दुसऱ्या वस्तीवर जाऊ नये म्हणून प्रत्येक गोठ्यातून निघताना टायर आणि गाडीचं पोट सोडियम हायपोक्लोराइटनं फवारायचं. जंतू मरतात, पण पत्राही खाल्ला जातो. त्या मोसमाच्या शेवटी दरवाजाखालची पट्टी बोटानं टोचली तर भुगा पडत होता. तिकडचा पत्रा कापून नवा जोडावा लागला. तेव्हापासून मी फवारणीनंतर घरी आल्यावर साध्या पाण्यानं गाडी खालून धुते, आणि दरवाजांच्या तळाशी पाणी निघायला जी बारीक भोकं असतात ती तारेनं मोकळी करते. आमच्याकडं ती मातीनं आणि उसाच्या पाचटाच्या कोंड्यानं बुजतात, पाणी आत साचतं आणि गंज आतून सुरू होतो. जुनी गाडी घेणाऱ्या कुणालाही मी या भोकांबद्दल आधी सांगते, इंजिनाबद्दल नंतर.

इथेनॉलचं प्रकरण अलीकडचं. २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येऊ लागलं आणि आता बहुतेक पंपांवर तेच मिळतं. माझी गाडी त्या इंधनासाठी बनलेली नाही. इथेनॉल पाणी धरून ठेवतं, जुन्या रबराला मऊ पाडतं, आणि लिटरमागं त्यातली ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी असते. मी इंधनाचे सगळे रबरी नळ आणि सील नव्या इंधनाला चालणारे बसवून घेतले, फिल्टर बदलायची मुदत अलीकडं आणली, आणि गाडी चार दिवस उभी राहणार असेल तर टाकी अर्धवट ठेवत नाही, म्हणजे आत ओल धरायला मोकळी जागा कमी राहते. अ‍ॅव्हरेज थोडं उतरलं, ते वहीत दिसतं. पण या इथेनॉलशी माझं नातं केवळ ग्राहकाचं नाही. ज्या वस्त्यांवर मी जाते तिथं रानात ८६०३२ जातीचा ऊस उभा असतो. तो कारखान्याला जातो, त्याच्या रसा-मळीपासून इथेनॉल होतं आणि पंपावरून माझ्या टाकीत येतं. त्याच उसाचं वाढं तोडणीच्या दिवसांत गायीच्या दावणीत पडतं. वाढ्यात ऑक्झलेट असतं, ते गायीच्या अंगातलं कॅल्शियम बांधून टाकतं. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय व्याली की कॅल्शियम कमी पडून बसण्याचा धोका वाढतो, म्हणून आम्ही वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडायला सांगतो. म्हणजे ज्या उसानं रात्री गाय बसवली त्याच उसावर चालत माझी गाडी तिला उठवायला जाते. हंगामात पाणंदीतून जाताना हे माझ्या मनात येतं आणि आपण या मातीच्या व्यवहारात किती आतवर गुंतलो आहोत ते जाणवतं.

गाडीला १५ वर्षं झाली तेव्हा, २०१९ मध्ये, नोंदणी पुन्हा करावी लागली. पर्यावरण कर भरला, गाडी तपासून घेतली. त्या वेळी नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं. २०२२ च्या एप्रिलपासून ते ५००० झालं आणि २०२४ च्या नूतनीकरणाला मी तेवढे भरले. पुढची फेरी २०२९ ला. तोवर नियम आणखी कडक होतील. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायची तर ती तपासून घेतलीच पाहिजे, याबद्दल माझं दुमत नाही. ब्रेक धरत नसलेली जुनी गाडी इतरांच्या जिवाशी खेळते. माझी इतकीच इच्छा आहे की गाडीची पारख तिच्या सालावरून न होता तिच्या प्रकृतीवरून व्हावी. वीस वर्षांची सांभाळलेली गाडी आणि सात वर्षांची रगडलेली गाडी मी दोन्ही बघितल्या आहेत.

आणि तिची मर्यादाही मला स्पष्ट दिसते. तिला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. चालकासाठी एअरबॅग आपल्याकडं सक्तीची झाली ती २०१९ च्या जुलैपासून, ही गाडी त्याच्या किती आधीची. पत्रा हलका आहे. म्हणून मी तिला पुणे-बेंगळुरू महामार्गावर वेगात पळवत नाही, आणि मुलांना घेऊन लांबच्या प्रवासाला ती काढत नाही, त्यासाठी एसटी आहे, रेल्वे आहे. टायर मात्र कायम चांगले ठेवते, त्या बाबतीत काटकसर नाही. पुढचे डिस्क आणि मागचे ड्रम वर्षातून एकदा उघडून बघितले जातात. सीटबेल्ट पाणंदीतही लावते.

या सगळ्या मर्यादांच्या आत जो आनंद आहे तो मला कुठल्याही नव्या गाडीत बसून अजून मिळालेला नाही. वाठारहून लोणंदकडं जाताना सालपे घाट लागतो. काम आटोपून, हात-पाय धुऊन, रिकाम्या रस्त्यानं तो घाट उतरायचा. गाडीचं वजन जेमतेम साडेसातशे किलो. गिअरची दांडी आखूड, दोन बोटांत बसणारी, दुसऱ्यातून तिसऱ्यात घालताना मनगटही हलवावं लागत नाही. बसायची जागा खाली, त्यामुळं रस्ता अगदी जवळून सरकताना दिसतो. वळणात शिरताना चाक काय करतंय ते हाताला कळतं, पॉवर स्टिअरिंग नसल्यामुळं मधे कुणी नाही. इंजिन वर चढवलं की चार सिलिंडर एका सुरात लागतात. मी वेगात नसते, चाळीस-पन्नासच्या पुढं तिथं जायची गरजही नसते, पण त्या वेगातही गाडी चालवण्याचं पुरतं सुख मिळतं. हल्लीच्या गाड्या चालकाचं बरंच काम स्वतःकडं घेतात. ते सोयीचं आहे, सुरक्षितही आहे. मला मात्र ते काम करायला आवडतं. दिवसभर जे हात आणि कान वापरून मी पोट भरते, त्यांनाच घरी जाताना ही गाडी आनंद देते.

पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या यात्रेत खिल्लार बैल बघायला मी दरवर्षी जाते. तिथं एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं माझ्या गाडीभोवती फेरी मारली, टायरवर पाय ठेवून दाबून बघितलं, बॉनेटवर हात फिरवला आणि विचारलं, "किती वेताची हाय?" मी सांगितलं. त्यानं मान डोलवली आणि म्हणाला, "सांभाळलीया." बैलाच्या बाजारात मिळालेली ती पावती मला फार मोठी वाटली.

आमच्या तालुक्यात एक नवा डॉक्टर आला आहे. शिकून नुकताच बाहेर पडलेला, मोपेडवर कॅन घेऊन फिरतो. तो मला विचारत होता, "मॅडम, कर्ज काढून नवीन घेऊ का?" त्याच्या कमाईचा अंदाज मला आहे. पहिली दोन-तीन वर्षं गावात उधारी किती राहते तेही मला माहीत आहे, गाय दुधावर आल्याशिवाय डॉक्टरचे पैसे येत नाहीत. मी त्याला म्हटलं, हप्त्याच्या काळजीत असलेला डॉक्टर रात्री दोनला फोन उचलताना आधी पेट्रोलचा विचार करतो, तसं व्हायला नको. जुनी बघ. मालक एकच असलेली, तालुक्यात मिस्त्री आहे अशी, आणि मागची सीट पूर्ण पडणारी. त्याला वाटलं मी माझीच गाडी त्याला देईन. ती देणार नाही, हे त्याला सरळ सांगितलं.

त्याच्यासाठी साताऱ्यात एक वॅगन-आर सापडली आहे. रविवारी सकाळी आम्ही दोघं ती बघायला जाणार आहोत, मिस्त्रीही येतायत. मालकांना फोन करून सांगितलंय की गाडी आदल्या रात्री कोरड्या फरशीवर लावा, म्हणजे खाली ऑइल गळतंय का ते दिसेल, आणि आम्ही येईपर्यंत चावी फिरवू नका.